गुणपत्रिका आणि ज्ञानदान : प्रवेश व शिष्यवृत्तीच्या वाटचालीचा मागोवा

ज्येष्ठ शुद्ध पंचमी हा श्रुतपंचमीचा मंगल दिवस. या दिवशी मंदिरांतून शास्त्रांचे पूजन होते, जुन्या पोथ्यांची वेष्टने बदलली जातात आणि श्रुताची पालखी निघते. योगायोग असा की, याच दिवसांच्या आसपास दहावी, बारावी आणि प्रवेशपरीक्षांचे निकालही लागतात. एका घरात पेढे वाटले जातात, तर शेजारच्या घरात दार अर्धे लोटलेले असते. पंचमीला ज्ञानाची पूजा करणारा समाज त्याच सप्ताहात गुणांच्या आकड्यांनी आपल्या मुलामुलींचे मोजमाप करीत असतो.

श्रुतपंचमीच्या मुळाशीही एक परीक्षाच आहे. धवला टीकेत ती कथा आली आहे. गिरनारच्या चंद्रगुफेत राहणारे वयोवृद्ध आचार्य धरसेन यांना आपल्याबरोबर श्रुतज्ञान लुप्त होईल अशी चिंता वाटू लागली. त्यांनी दक्षिणेकडील मुनिसंघाला पत्र पाठविले आणि दोन बुद्धिमान मुनी त्यांच्याकडे आले. आचार्यांनी विद्या देण्यापूर्वी त्यांची परीक्षा घेतली. दोघांना एकेक मंत्र साधण्यास दिला. एकाच्या मंत्रात एक अक्षर अधिक होते, दुसऱ्याच्या मंत्रात एक अक्षर कमी होते. साधना पूर्ण होताच एकासमोर पुढे आलेल्या दातांची, तर दुसऱ्यासमोर एका डोळ्याची देवता प्रकट झाली. देवतांचे रूप असे विकृत नसते, तेव्हा दोष मंत्रातच असला पाहिजे, हे दोघांनी ओळखले. व्याकरणाच्या आधारे मंत्र शुद्ध करून त्यांनी पुन्हा साधना केली. आचार्यांची खात्री पटली आणि त्यांनी दोघांनाही संपूर्ण विद्या दिली. हेच पुष्पदंत आणि भूतबली. त्यांच्या हातून षट्खंडागम सिद्ध झाला.

या कथेतील दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ज्ञान देण्यापूर्वी पात्रता पाहणे आपल्या परंपरेला मान्य आहे. मात्र आचार्यांनी दोघांत पहिला कोण आणि दुसरा कोण हे ठरविले नाही. चूक ओळखून सुधारण्याची शक्ती आहे किंवा नाही, एवढेच त्यांनी पाहिले. पात्रता पाहणे आणि क्रमांक लावणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आपल्या भागातील शिक्षणाचा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास हा या दोन क्रिया एकमेकींत कशा मिसळत गेल्या याचाच इतिहास आहे. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्याचे सिंहावलोकन उचित ठरेल.

दक्षिणेपासून मॅट्रिकपर्यंत

महाराष्ट्रात गुणवत्ता पाहून धन देण्याची प्रथा जुनी आहे. पेशवाईत पुण्यास श्रावणमासी दक्षिणा वाटली जात असे व शास्त्रात निपुण असणाऱ्यांची परीक्षा घेऊन रक्कम ठरत असे. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, तिला याच निधीचा आधार होता. पुढे लोकहितवादी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळला आणि त्यातूनच दक्षिणा फेलोशिप आली. परीक्षा कठोर असली तरी मूळ दक्षिणेचे दार एकाच वर्णाला उघडे होते. परीक्षेत कोण उत्तीर्ण होतो याआधी परीक्षेला कोणास बसता येते हा प्रश्न असतो, हे तेव्हापासूनचे सत्य आहे.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८५९ मध्ये त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. उत्तीर्ण झालेल्या मोजक्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ, परीक्षकास अपरिचित असलेला विद्यार्थी, ही कल्पना तेव्हा नवी होती. त्याच सुमारास, १८५५ पासून, विलायतेत सनदी नोकरीसाठी शिफारशीऐवजी स्पर्धापरीक्षा सुरू झाली होती. वशिल्याऐवजी गुण, हे त्या काळाचे मोठे पाऊल होते. आज परीक्षांना नावे ठेवताना त्यांचा हा जन्मकाळ विसरता कामा नये.

निजामी अंमलातील हिंगोली

मुंबई-पुण्याकडील या वाऱ्याची झुळूक हिंगोलीस फार उशिरा लागली. हा सारा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या अंमलाखाली होता. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली रेल्वेमार्ग सुरू झाला आणि कापसाच्या व्यापारास बरकत आली. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा या पेठांतून आणि शिरड शहापूरसारख्या क्षेत्राच्या गावी जैन कुटुंबे कापड, किराणा, कापूस व सावकारीच्या व्यवसायात होती. मुलगा हिशेब, मोडी लिपी आणि पावकी-निमकी शिकला की गादीवर बसे. शाळेतील गुणांना दुकानात किंमत नव्हती.

ज्यांना पुढे शिकावयाचे होते त्यांची वाट बिकट होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता खरा, परंतु घरी मराठी आणि मंदिरात प्राकृत-संस्कृत ऐकणाऱ्या मुलाला गणित आणि विज्ञान एका तिसऱ्याच भाषेतून शिकून परीक्षा द्यावी लागे. औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज १९२३ चे. त्यापुढील पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. परीक्षा सर्वांना सारखी, परंतु काहींसाठी ती मातृभाषेत आणि काहींसाठी परक्या भाषेत. एकाच गजाने मोजले तरी मोजावयाचा माल एका स्थितीत नव्हता.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि चित्र पालटू लागले. १९५० मध्ये नांदेडचे पीपल्स कॉलेज आणि औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय निघाले. १९५६ मध्ये औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि १९६० मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. आपले पूर्वीचे जिल्ह्याचे ठिकाण परभणी येथे १९७२ मध्ये कृषी विद्यापीठ झाले. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.

वसतिगृहांची पुण्याई

शासनाच्या संस्था उभ्या राहण्याच्या कितीतरी आधी जैन समाजाने एक गोष्ट ओळखली होती. हुशार मुलाला परीक्षेपर्यंत पोहोचविणे हेच खरे काम आहे. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. दानवीर माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मुंबई व इतरत्र जैन बोर्डिंग उभारण्यास सढळ हस्ते साह्य केले. कोल्हापूरच्या दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि वसतिगृहाची ती कल्पना बहुजन समाजाच्या झोपडीपर्यंत नेली. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात कारंजा येथे १९१८ मध्ये महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. १९३४ मध्ये कुंभोज-बाहुबली येथे आणि पुढे १९६२ मध्ये आपल्या मराठवाड्यातच वेरूळ येथे गुरुकुल निघाले. श्वेतांबर समाजात आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत महावीर जैन विद्यालय स्थापन झाले.

या संस्थांत प्रवेश देताना मुलगा शिकण्यास उत्सुक आहे काय आणि घरची स्थिती कशी आहे हेच प्रथम पाहिले जाई. दोन वेळचे शुद्ध भोजन, निजावयास जागा, सकाळचा स्वाध्याय आणि रात्री कंदिलाखाली अभ्यास, एवढे मिळाले की साधारण वाटणारा मुलगाही पुढे जाई. चतुर्विध दानांतील आहारदान आणि ज्ञानदान तेथे एकाच छताखाली नांदत होती. भूक भागल्याशिवाय बुद्धी चालत नाही, हे त्या दानशूरांना कोणत्याही अहवालाशिवाय ठाऊक होते.

गुणवत्ता यादीचा काळ

१९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा आणि विदर्भाच्या नेत्यांनी एक महत्त्वाचे कलम घालून घेतले. व्यवसाय व शास्त्रविषयक शिक्षण देणाऱ्या संस्थांत त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात पुरेशी तरतूद व्हावी, असा त्याचा आशय होता. पुढे राज्यघटनेच्या ३७१ व्या अनुच्छेदातही तंत्रशिक्षणाच्या समन्यायी सोयींचा उल्लेख आला. मागून आलेल्यांना पुढच्यांबरोबर एकाच रेषेवर उभे करून शर्यत लावणे हा न्याय नव्हे, ही त्यामागील भूमिका होती. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते याच अनुशेषाच्या वेदनेतून.

महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आले. १० अधिक २ अधिक ३ हा आकृतिबंध आल्यावर १९७५ मध्ये दहावीची पहिली आणि १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली. येथून पुढे सुमारे वीस वर्षे बारावीचे गुण हेच सर्वस्व झाले. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांतील गुणांवर डॉक्टर, तर गणितासह इंजिनिअर ठरू लागले. निकालाच्या दिवशी वृत्तपत्रांत गुणवत्ता यादी छापून येई. पहिल्या तिसांत अथवा पन्नासांत नाव आलेल्या मुलाचे छायाचित्र, आईवडिलांनी पेढा भरविताना, हमखास असे. समाजाच्या संस्थांतील गुणगौरव समारंभाची प्रथा याच काळात रुजली. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह आणि पाकिटातील रक्कम यांनी अनेक मुलांना उभारी दिली.

याच काळात लातूरने चमत्कार घडविला. राजर्षी शाहू महाविद्यालय आणि दयानंद महाविद्यालय यांनी जादा तास, सततच्या सराव परीक्षा आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेची चर्चा या मार्गाने मराठवाड्यातील मुलांना राज्याच्या गुणवत्ता यादीत नेऊन बसविले. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द महाराष्ट्रभर गेला. मागास म्हणून हिणविलेल्या मुलखातील मुलाला सोय आणि शिस्त मिळाली तर तो कोठेही कमी नाही, हे त्याने सिद्ध केले. परंतु त्याचबरोबर शिक्षण म्हणजे गुण आणि गुण म्हणजे सराव, असे समीकरणही घराघरांत दृढ झाले. पुढे मंडळाने गुणवत्ता याद्या जाहीर करणे थांबविले, तरी ते समीकरण पुसले गेले नाही.

सामाईक परीक्षेचे आगमन

बारावीच्या गुणांवरील प्रवेशात एक दोष होता. विभागीय मंडळे निराळी, परीक्षक निराळे, काही ठिकाणी कॉपीचा सुळसुळाट. एका केंद्रावरील नव्वद आणि दुसऱ्या केंद्रावरील नव्वद सारखे मानणे कठीण झाले. शतकाच्या वळणावर राज्याने वैद्यकीय शाखांसाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, लागू केली आणि काही वर्षांनी अभियांत्रिकीलाही ती आली. पर्यायी उत्तरांची पत्रिका यंत्राने तपासली जाऊ लागली. यंत्राला नाव, गाव, जात, धर्म काहीच दिसत नाही, ही त्याची जमेची बाजू.

खर्चाची बाजू लवकरच दिसू लागली. शाळा-महाविद्यालयाचा अभ्यास एक आणि परीक्षेचा अभ्यास दुसरा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीची मुले दहावी होताच नांदेड व लातूरला, तर काही थेट राजस्थानात कोट्याला जाऊ लागली. खोलीचे भाडे, खाणावळ, शिकवणीची फी असा दोन वर्षांचा हिशेब लहान दुकानदाराच्या वर्षभराच्या मिळकतीस भारी पडू लागला. अनेक घरांत आई मुलांबरोबर शहरात आणि वडील गावी दुकानात, असा दोन चुलींचा संसार सुरू झाला. ज्यांच्या घरी मुलगा आणि मुलगी दोघे शिकत होते, तेथे कोणाला नांदेडला पाठवावयाचे हा प्रश्न निर्माण झाला, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा मुलीच्या विरुद्ध गेले हे मान्य केले पाहिजे. परीक्षेच्या दिवशी पत्रिका सर्वांना सारखी मिळते, पण त्या दिवसापूर्वीची दोन वर्षे सर्वांना सारखी मिळत नाहीत.

सत्तर-तीसचे कोडे

मराठवाड्याच्या दृष्टीने प्रवेशाच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण म्हणजे वैद्यकीय प्रवेशाचे ७०:३० सूत्र. त्यानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशा तीन विभागांत प्रत्येक विभागातील ७० टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के जागा संपूर्ण राज्यासाठी खुल्या असत. नागपूर कराराच्या भावनेशी हे सुसंगत होते. येथील मुलाला येथील महाविद्यालयात हक्काची जागा मिळे.

परंतु काळ बदलला. लातूर-नांदेडमुळे मराठवाड्यात चांगले गुण मिळविणाऱ्यांची संख्या वाढली आणि वैद्यकीय महाविद्यालये मात्र थोडीच राहिली. औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड, लातूर अशी मोजकी नावे. याउलट पुणे-मुंबईकडे महाविद्यालये पुष्कळ. त्यांतील ७० टक्के जागांना मराठवाड्याच्या मुलाला हातच लावता येत नसे. आपल्या भागात थोड्या जागांसाठी दाटी आणि दुसरीकडे कमी गुणांवर प्रवेश, अशी तक्रार पालक व लोकप्रतिनिधी करू लागले. ज्या भिंतीने एकेकाळी वाऱ्यापासून आडोसा दिला, तीच भिंत पुढे वाट अडवू लागली. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी विधिमंडळात हे सूत्र रद्द झाल्याचे जाहीर केले. आता सर्व राज्याची एकच गुणानुक्रम यादी झाली.

यातून कोणी असा अर्थ काढील की विभागीय संरक्षण मुळातच चुकीचे होते. तसे नाही. ज्या काळी येथे पुरेशी महाविद्यालये आणि पुरेशी तयारी नव्हती त्या काळी ते आवश्यक होते. एकच नियम एका पिढीला न्याय देतो आणि दुसरीला अन्याय करतो. नियमाकडे द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव पाहून बघावे, ही जैन दृष्टी येथे नेमकी लागू पडते.

राष्ट्रीय पातळीवरही हाच झगडा चालला होता. १९८४ मध्ये डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशातील केवळ रहिवासावर आधारलेल्या राखीव जागांना मर्यादा घातली आणि काही जागा अखिल भारतीय गुणवत्तेसाठी खुल्या केल्या. १९८६ मध्ये हे प्रमाण १५ टक्के ठरले. नीट परीक्षा प्रथम २०१३ मध्ये झाली, त्याच वर्षी न्यायालयाने ती रद्द ठरविली, २०१६ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला आणि २०१७ पासून राज्यातील वैद्यकीय प्रवेश पूर्णतः नीटवर होऊ लागले. अभियांत्रिकीलाही मध्यंतरी केंद्राच्या जेईईचे आणि बारावीचे गुण एकत्र धरले गेले व २०१६ मध्ये पुन्हा राज्याची सीईटी आली. दर दोन-चार वर्षांनी बदलणाऱ्या या नियमांत शहरातील सुशिक्षित पालकसुद्धा गोंधळले, मग खेड्यातील पालकाची काय कथा?

आकडा काय सांगतो

नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा होतो. राज्याच्या सीईटीत २०१९ पासून पर्सेंटाइल पद्धत आहे. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ, परीक्षेस बसलेल्या दर शंभर मुलांपैकी नव्वद मुलांचे गुण त्या मुलाइतके अथवा त्याहून कमी आहेत. परीक्षा अनेक सत्रांत होत असल्याने एखाद्या सत्राची पत्रिका कठीण निघाली तरी तुलना व्हावी म्हणून ही योजना आहे. यात मुलाला किती आले यापेक्षा तो इतरांच्या किती पुढे आहे हे मोजले जाते. म्हणून शेजारच्या मुलाचे वाढलेले पर्सेंटाइल पाहून आपल्या मुलास बोल लावणाऱ्या पालकांनी क्षणभर थांबावे. रांगेत सर्वच पुढे सरकू शकत नाहीत.

यंत्राचा निवाडाही निर्दोष नसतो. २०२४ मध्ये नीटच्या पहिल्या निकालात ६७ जणांना पूर्ण ७२० गुण दाखविले गेले. सुधारणेनंतर ही संख्या १७ वर आली. पेपरफुटीच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत आले. २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण फेरपरीक्षेस नकार दिला, परंतु लाखो घरांतील दोन महिन्यांची झोप उडाली ती परत मिळाली नाही. अमेरिकेतही असाच ऊहापोह चालू आहे. तेथे १९२६ पासून चालत आलेली सॅट परीक्षा कोरोनाच्या काळात अनेक विद्यापीठांनी ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने ती प्रवेशासाठी पूर्णपणे सोडली, तर एमआयटीने २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली. परीक्षा नसेल तर साधनहीन पण हुशार मुलगा ओळखावयाचा कसा, हा तेथीलही प्रश्न आहे. परीक्षा टाकूनही चालत नाही आणि केवळ तिच्यावर विसंबूनही चालत नाही, असा अनुभव सर्वत्र येत आहे.

शिष्यवृत्तीचे दोन प्रवाह

प्रवेशानंतर शिष्यवृत्ती. येथेही दोन प्रवाह दिसतात. पहिला शुद्ध गुणांचा. १९५४-५५ पासून चालत आलेल्या चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा हे त्याचे उत्तम उदाहरण. २०१६-१७ मध्ये त्या पाचवी आणि आठवीला नेण्यात आल्या. शिष्यवृत्तीची रक्कम अल्प, पण ‘स्कॉलर’ म्हणून गावात मिळणारा मान मोठा. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा १९६३ मध्ये विज्ञानासाठी सुरू झाली, १९७७ मध्ये तिचा विस्तार झाला आणि २०२१ नंतर ती थांबली.

दुसरा प्रवाह गुण आणि गरज एकत्र पाहणारा. २००८ मध्ये सुरू झालेली एनएमएमएस शिष्यवृत्ती शासकीय व अनुदानित शाळांतील, मर्यादित उत्पन्नाच्या घरातील आठवीच्या मुलांसाठी आहे. परीक्षेत निवड झाली की नववीपासून बारावीपर्यंत साह्य मिळते. आरंभी ते महिना ५०० रुपये होते, २०१७ पासून १००० रुपये झाले. हेतू एकच, हुशार मुलाने आठवीनंतर शाळा सोडू नये. अभियांत्रिकीत शिक्षणशुल्क माफीच्या पाच टक्के जादा जागा याच जातीच्या. तेथे आधी उत्पन्नाची मर्यादा, नंतर सीईटीचा क्रम.

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने जैन समाजास राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा दिला आणि अल्पसंख्याकांच्या शिष्यवृत्ती योजनांची दारे आपल्या मुलांना उघडली. त्या योजनांचा एक नियम विचार करण्याजोगा होता. मागील परीक्षेत ५० टक्के गुणांची अट होती, परंतु मॅट्रिकपूर्व व मॅट्रिकोत्तर योजनांत अर्ज अधिक आल्यास गुणांपेक्षा गरिबीला अधिक वजन दिले जाई. गुण म्हणजे उंबरठा. तो ओलांडला की पुढचा निकष गरजेचा. धरसेनाचार्यांच्या परीक्षेशी याचे नाते जुळते.

जैन समाजात गरीब कोठे आहेत, असे बाहेरचे लोक विचारतात. कधी कधी आपल्यातीलही विचारतात. खेड्यातील फिरता व्यापारी, दुसऱ्याच्या दुकानात मुनिमी करणारा, दोन एकर कोरडवाहू शेतीवर राहणारा, लहान वयात वैधव्य आलेली भगिनी, ही माणसे आपल्याच मंदिरात पाठीमागच्या रांगेत बसतात. लाजेपोटी ती अर्ज करीत नाहीत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत जाणे त्यांना अपमानाचे वाटते. शिष्यवृत्ती अशा घरांपर्यंत स्वतः चालत जाणार नाही. कोणीतरी ती नेऊन पोहोचवावी लागेल.

पुढील पन्नास वर्षांसाठी

अनेकांतवाद सांगतो की, वस्तू अनंतधर्मात्मक आहे आणि एका नयाने तिचे पूर्ण ज्ञान होत नाही. परीक्षेचे गुण हा एक नय आहे. तो खोटा नाही, पण तोच संपूर्ण सत्य मानला तर तो दुर्नय होतो. नांदेडच्या शिकवणीत दोन वर्षे राहून मिळविलेले ६०० गुण आणि दुकानात वडिलांना मदत करून, एसटीने ये-जा करून मिळविलेले ५२० गुण यांतील अधिक कोणते, हे यंत्र सांगू शकत नाही. महाविद्यालयाला यंत्राचेच ऐकावे लागते, तो नियम आहे. समाजाच्या ट्रस्टवर तशी सक्ती नाही. येथेच ट्रस्टचे खरे स्वातंत्र्य आणि खरी जबाबदारी आहे.

गावोगावच्या जैन संस्थांचा शिक्षणावरील खर्च प्रायः निकालानंतर होतो. पहिल्या तिघांना पारितोषिके, स्मृतिचिन्हे आणि भोजन. हा आनंद आवश्यक आहे, तो बंद करू नये. परंतु ज्या मुलाला चांगले गुण मिळाले आहेत त्याला मदतीची गरज त्या दिवशी सर्वांत कमी असते. गरज होती ती दोन वर्षांपूर्वी, जेव्हा परीक्षेचा अर्ज भरावयाचा होता, पुस्तके घ्यावयाची होती, नांदेडला खोली पाहावयाची होती. आपल्या पूर्वजांनी बोर्डिंग बांधली ती परीक्षेच्या आधीच्या काळासाठी. ट्रस्टनेही निधीचा मोठा वाटा निकालाच्या आधी खर्च करावा. आठवीतील मुलांची एनएमएमएसची तयारी, गरजूंची परीक्षा फी, अभ्यासिकेत रात्री दहापर्यंत दिवे, मुलींसाठी शहरात विश्वासाच्या घरी राहण्याची सोय, आणि दाखले व ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक जाणकार स्वयंसेवक, एवढ्याने पुष्कळ साधेल. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा निधी स्थापन केला. घेणाऱ्याचा स्वाभिमान राहावा आणि परत आलेल्या पैशातून पुढचा विद्यार्थी उभा राहावा, ही व्यापारी समाजाला सहज पटेल अशी रीत आहे.

आणि जो मुलगा परीक्षेत मागे पडला त्याच्यासाठीही ट्रस्टच्या मांडवात एक खुर्ची असावी. चुकलेला मंत्र ओळखून सुधारण्याची संधी पुष्पदंत आणि भूतबली यांना मिळाली होती. आपल्या मुलांना पहिल्याच आकड्यावरून निकालात काढण्याचा अधिकार कोणास आहे?

२०२४ मध्ये हिंगोलीस १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्या गावातून पदवीसाठी हैदराबादची गाडी धरावी लागे, त्या गावात आता राज्यभरातील मुले डॉक्टर होण्यास येत आहेत. सत्तर टक्क्यांची भिंत आता नाही. दार खुले आहे, पण ते सर्वांनाच खुले आहे. त्या दारातून आपल्या मागच्या रांगेतील किती मुले-मुली आत जातील, हे निकालाच्या दिवशी ठरणार नाही. ते आज, आठवीच्या वर्गात आणि ट्रस्टच्या सभेत ठरणार आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात तेवढा संकल्प झाला, तर श्रुतपंचमीची पूजा सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र.